मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणारी माणसं दोन प्रकारची असतात, ओरडणारी आणि जास्त ओरडणारी. मास्तर तिसऱ्या प्रकारचे होते. कोणी क्लच इतक्या झटक्याने सोडला की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे येऊन पडायची, तरी मास्तर शांतपणे म्हणायचे, "असू दे, पुन्हा करू." त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक आधी दुसरीकडे रडून आलेले असत. एका बाईंना त्यांच्या नवऱ्यानेच शिकवायला घेतलं होतं. प्रकरण वकिलापर्यंत जाता जाता राहिलं, आणि मग त्या मास्तरांकडे आल्या. मास्तरांच्या हाताखाली दगडालासुद्धा गाडी येते, असं लोक म्हणत. मास्तर हसून विषय बदलत, पण मनातून त्यांना ते पटलेलं होतं.

ओरडायची गरज पडत नसे, कारण त्यांची सगळी मदार उजव्या पायावर होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, त्यामुळे मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. इतर शिकवणारे हा ब्रेक थोबाडीत मारावी तसा मारतात. मास्तरांचं तसं नव्हतं. समोर कोणी रस्त्यात उतरलं, की शिकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत त्यांचा पाय हलकेच खाली जायचा. गाडी अलगद थांबायची, माणूस पलीकडे जायचा, आणि मास्तर म्हणायचे, "छान." शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. त्याचा जीव भांड्यात पडायचा, स्टीअरिंगवरचे हात सैल व्हायचे आणि पुढच्या वळणावर तो खरोखरच बरी गाडी चालवायचा. भीती गेली की अर्धी गाडी आली, असं मास्तरांचं तत्त्वज्ञान होतं. उरलेली अर्धी कधी येते, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

मास्तरांचं घर एका गल्लीच्या तोंडाशी होतं. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे सिग्नल नाही, पाटी नाही, रस्त्यावर पांढरे पट्टेही नाहीत. कायदा मात्र स्पष्ट आहे. दोन रस्ते मिळतात तिथे पट्टे असोत की नसोत, आधी चालणारा जाणार आणि गाडी थांबणार. लेखी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि सगळ्यांचा हमखास बरोबर येतो. परीक्षा देऊन माणूस गाडीत बसला, की चालणाऱ्यांनी आपापलं बघून घ्यावं असा एकूण रिवाज होता.

या कोपऱ्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, अक्काचं दुकान. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने शिलाई मशीनवर या धाकट्याला वाढवलं. पुढे दोघांचीही लग्नं राहून गेली की त्यांनी राहू दिली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. अक्का नवे कपडे शिवत नसे, फक्त दुरुस्ती. पँट आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्या माणसांचे कपडे सैल करून देणं आणि त्याबद्दल कुठे न बोलणं. शेवटच्या गुणामुळे गिऱ्हाईक तुटत नसे. घरी दोन दिवस बसवलं तर तिला बारीक ताप येई, आणि दुकान उघडलं की उतरे.

मास्तरांची गाडी सकाळी कोपऱ्याच्या थोडी अलीकडे उभी असे. पहिला शिकाऊ चालवायला बसला की त्याच्यासमोर पहिली येई ती अक्का. खांद्याला पिशवी, नजर सरळ, जणू रस्ता तिच्याच बापाने बांधला होता. मास्तरांचा पाय खाली जाई, गाडी थांबे. अक्का काचेतून चालवणाऱ्याचा चेहरा नीट बघून घेई, मान हलवे आणि पलीकडे जाई. संध्याकाळी शेवटच्या शिकाऊच्या वेळी हेच उलट दिशेने. अक्काचं घड्याळ आपल्या घड्याळाशी असं जुळलंय याचं मास्तरांना कौतुक होतं.

एका मंगळवारी परीक्षेचा दिवस होता. मास्तर सकाळीच चार उमेदवार घेऊन मैदानावर गेले होते. तिथे फोन आला. अक्काला कोपऱ्यावर गाडीने उडवलं, इस्पितळात या.

डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून प्लेट घालावी लागणार होती. अक्काला आत नेलं होतं आणि बाहेर मास्तर येरझाऱ्या घालत होते. त्यांना राग ही गोष्ट नवी होती, त्यामुळे तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. "ज्याने कोणी हे केलंय त्याला मी सोडणार नाही," ते नर्सला म्हणाले. "त्याचं लायसन्स रद्द करून घेतो की नाही बघा."

"त्याचं नाही, तिचं," नर्स म्हणाली आणि बाकाकडे बोट दाखवलं. "तिनेच आणलंय तुमच्या बहिणीला. तेव्हापासून बसून आहे, पाणीसुद्धा प्यायली नाही."

बाकावर औषधवाली बसली होती. बाजारातल्या मेडिकल दुकानात कामाला असलेली, मास्तरांची दोन महिन्यांपूर्वीची विद्यार्थिनी, पहिल्याच फेरीत पास झालेली. मास्तरांनी चारचौघांत जिचं उदाहरण द्यावं अशी.

"तुला गाडी शिकवली कोणी?" मास्तर ओरडले. हे वाक्य त्यांनी रस्त्यावरच्या माणसांना मनातल्या मनात कितीदा ऐकवलं होतं. मोठ्याने म्हणायची वेळ पहिल्यांदा आली, ती नेमकी नको त्या ठिकाणी.

"तुम्ही," ती म्हणाली.

ती उर्मटपणाने बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मग तिचे डोळे भरून आले. "मास्तर, माझा पाय ब्रेकवर होता. खरंच होता. त्या कोपऱ्यावर पाय ब्रेकवर ठेवायचा, हे मला पाठ आहे. अक्का उतरताना दिसल्या, मी पाय ठेवला आणि वाट बघितली."

"कसली वाट?"

"गाडी थांबायची. तुमच्या गाडीत तिथे ब्रेक खाली जायचा. मला वाटायचं, माझ्याच पायाने जातोय. लायसन्स मिळाल्यावर तिथे माणूस समोर यायची ही पहिलीच वेळ होती, मास्तर. पाय नुसता ठेवून भागत नाही, हे मला आज कळलं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर म्हणाले आणि पाठ फिरवली. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची लोकांची तऱ्हा त्यांना माहीत होती. तरी त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि कारण अक्काचा पाय एवढंच नव्हतं.

ऑपरेशननंतर पोलीस जबाब घ्यायला आला. मास्तर कॉटच्या उशाशी उभे होते, केस भक्कम होईल अशा तयारीने. अक्काने पोलिसाला बसायला सांगितलं, त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण दाखवून दिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मी न बघता उतरले."

"अक्का, गुंगी उतरली नाही का अजून?" मास्तर म्हणाले.

"गुंगी तुझी उतरायची आहे. लिहून घ्या हो तुम्ही." पोलिसाचं काम वाचलं होतं, त्याने लगबगीने लिहून घेतलं आणि शिवण झाकत निघून गेला. मास्तरांनी परोपरीने विचारलं, की असं का केलंस. अक्काने भिंतीकडे तोंड केलं. तिने भिंतीकडे तोंड केलं की विषय संपला, हे मास्तरांना लहानपणापासून माहीत होतं.

घरी आल्यावर तिने दुसरा बॉम्ब टाकला. "पाय बरा होईल तेव्हा होईल. पण मी आता पलीकडे जायची नाही. दुकान कोणाला तरी देऊन टाक."

मास्तरांना वाटलं, दुखण्याच्या भरात बोलतेय. पण अक्का दुखण्याच्या भरात फक्त कण्हत असे, निर्णय ती शुद्धीवर घेत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या शिकवणीला दातांचे डॉक्टर आले. हे गृहस्थ लोकांना "दुखणार नाही" असं सांगून सांगून इतके सरावले होते, की गाडीतही सतत बोलत असत. त्यांची परीक्षा पंधरवड्यावर आली होती आणि मास्तरांच्या मते ते तयार होते. गाडी निघाली. मास्तरांनी आज आपला पाय ब्रेकपासून ओढून सीटखाली घेतला, आणि नजर डॉक्टरांच्या पायावर ठेवली.

कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्रं घेऊन रस्त्यात उतरले. डॉक्टर कवळीबद्दल काहीतरी सांगत होते. त्यांचा पाय शिस्तीत ब्रेकवर गेला, तिथे जाऊन बसला, आणि बसूनच राहिला. गाडी आपल्या वेगाने पुढे जात होती. म्हातारबुवा मोठे होत गेले. मास्तरांना वाटलं, आता दाबेल, आता दाबेल. मग त्यांनी सीटखालचा पाय काढून असा मारला, की डॉक्टरांचा चष्मा मांडीवर पडला. कुत्रं भुंकलं. म्हातारबुवांनी कपाळाला हात लावला आणि गेले.

डॉक्टरांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. "मास्तर, आज गाडीला काय झालंय?"

"का?"

"रोज इथे किती छान थांबते हो."

पुढची शिकवणी कॉलेजातल्या मुलीची होती. तिचाही पाय ब्रेकवर गेला आणि पाहुण्यासारखा टेकून राहिला. त्यानंतरचा वाणी तर कोपऱ्यावर गाडी थांबेल या भरवशावर आरशात भांग नीट करत होता.

दुपारी मास्तरांनी गाडी कडेला लावली आणि किल्ली काढून घेऊन नुसते बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली भीती होती. शहरात आपल्या हाताखालून किती माणसं गेली, या विचाराने त्यांना आजवर बरं वाटत आलं होतं. आज तोच विचार नकोसा झाला. एवढ्या सगळ्या माणसांना त्यांनी वळायला शिकवलं, चढावर गाडी धरायला शिकवलं, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत लावायला शिकवलं. माणसासाठी थांबायचं काम तेवढं ते स्वतःकडे ठेवून बसले होते, आणि प्रत्येकाला लायसन्स मिळवून देऊन पाठवताना ते काम मात्र गाडीतच राहिलं होतं.

त्या दिवसापासून मास्तर ओरडायला लागले. सवय नसल्यामुळे आवाज मध्येच फाटायचा. "दाबा! ठेवू नका, दाबा! माणूस आहे तो, खांब नाही!" शिकणारे भांबावले. बहिणीच्या अपघाताने मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला अशी बातमी पसरली. दोघंजण शिकवणी सोडून पलीकडच्या पेठेतल्या ओरडणाऱ्या मास्तराकडे गेले. निदान तो ओरडण्यात तरी तरबेज होता.

अक्काला मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तिचा पाय सुधारत होता, अशा वेळी मनाला त्रास नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही.

औषधवाली रोज संध्याकाळी गोळ्या घेऊन घरी यायची, चालत, भिंतीच्या कडेकडेने. तिने गाडी भावाला देऊन टाकली होती. अक्का तिच्याशी छान गप्पा मारायची, तिच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून तिलाच पुन्हा शिवायला लावायची. मास्तर तेवढा वेळ आतल्या खोलीत काहीतरी शोधत राहायचे. एकदा त्यांनी तिला दारात गाठलं.

"तू इस्पितळात म्हणालीस ते खरं होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "अक्कांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" आणि ती जिना उतरून गेली.

काठी घेऊन अक्का घरात हिंडायला लागली, मग गल्लीत. मग रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत यायला लागली. तिथे ती बराच वेळ उभी राही, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघे, पलीकडचं बंद शटर बघे आणि माघारी वळे. मास्तर खिडकीतून पाहत. भाजलेलं पोर आगीला भ्यावं तशी ही रस्त्याला भ्यायली, असं त्यांना वाटे. घरी आल्यावर ती खुर्चीत बसून राही. तिला पुन्हा बारीक ताप यायला लागला होता. इस्पितळातल्या डॉक्टरांना त्याचं कारण सापडत नव्हतं, मास्तरांना ते न शोधताच माहीत होतं. दुकान गेलं तर ही या खुर्चीतून उठायची नाही.

पट्टे मारले तर तिला धीर येईल, म्हणून मास्तर रस्त्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी नकाशा पसरला, कोपरा शोधला आणि मान हलवली.

"तिथे क्रॉसिंग करता येणार नाही."

"का?"

"कारण तिथे क्रॉसिंग आहेच. दोन रस्ते मिळतात ना? मग कायद्याने आहे. जे आहे ते पुन्हा कसं करणार?"

"पण गाड्या थांबत नाहीत."

"त्या पट्ट्यांवर तरी कुठे थांबतात?" साहेबांनी प्रेमाने विचारलं आणि नकाशा गुंडाळला. मास्तर उठले तेव्हा साहेब हसून म्हणाले, "ओळखलं नाहीत मला? मी तुमच्याकडेच शिकलो, मास्तर. काय सुंदर शिकवायचात! एकदासुद्धा ओरडला नाहीत." मास्तर जिन्याचा कठडा धरून खाली आले.

शेवटी अक्कानेच गिऱ्हाईक शोधलं. एक मोबाइल दुरुस्तीवाला दुकान घ्यायला तयार झाला. शनिवारी दुपारी तो किल्ली न्यायला येणार होता. शनिवारी सकाळी मास्तर म्हणाले, "निदान तुझी कात्री, तुझं मशीन तरी स्वतः येऊन आवर. मी धरतो हाताला." अक्काने पायात चपला सरकवल्या. मग काठी उचलली, पिशवी खांद्याला अडकवली आणि किल्ली मुठीत धरली.

दोघं कोपऱ्यावर येऊन फूटपाथच्या कडेला उभी राहिली. सकाळची वेळ, कामाला जाणाऱ्यांची घाई. अक्काची काठी आणि पिशवी दिसत होती, ती पलीकडे जाणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. निळी गाडी आली, चालवणाऱ्याने मास्तरांना ओळखलं, हॉर्न वाजवला, हात हलवला आणि तसाच निघून गेला.

"हा तुझाच ना?" अक्काने विचारलं.

"हो."

मागून लाल गाडी आली. त्यातल्या बाईंनी काच खाली करून, "मास्तर, बरे आहात ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेल्या.

"ही पण?"

"हो."

"चांगली माणसं आहेत. विचारपूस करतात." अक्काच्या चेहऱ्यावर थट्टा होती की नव्हती, कळत नव्हतं. आणखी एक जण आला. त्याने तर नमस्कार करायला दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढले.

मास्तरांनी तिचा हात धरला. "अक्का, एवढं घाबरू नकोस. मी आहे ना."

"घाबरते कोण?" अक्का म्हणाली. "धाकट्या, मी या रस्त्यावर गाड्या कधी बघितल्याच नाहीत, घाबरू कशाला? मी तुझी गाडी यायची वाट बघायचे आणि उतरायचे. सकाळी तुझी पहिली शिकवणी, संध्याकाळी शेवटची. तुला वाटलं, योगायोगाने रोज गाठ पडते? आतल्या माणसाचं तोंड बघून ठेवायचे, की हा आपला, हा थांबतो. त्या दिवशी परीक्षा आहे हे विसरले, तुझी गाडी आलीच नाही. मी उभी राहिले, उभी राहिले. मग ही औषधवाली दिसली. गाडी वेगळी होती, पण म्हटलं, आपलीच पोरगी आहे, कितीदा थांबलीय माझ्यासाठी. आणि पाय टाकला."

"मग पोलिसाला तसं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या भावाने शिकवलेली आहे, पण हिला थांबता येत नाही? तुझं नाव गेलं असतं. आणि मला वाटलं, शंभरात एखादी निघते अशी. म्हणून रोज इथे येऊन बघत होते. ओळखीची तोंडं मोजून झाली, धाकट्या. एकही थांबत नाही. आता मी कोणाला बघून पाय टाकू?"

रस्त्यावर गाड्या चालूच होत्या. मास्तर त्यांच्याकडेच बघत बोलले.

"अक्का, ते कधी थांबलेच नव्हते."

"म्हणजे?"

"माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. तू उतरलीस की मी दाबायचो. त्यांना पत्ताही लागायचा नाही. आणि मी त्यांना छान म्हणायचो."

अक्का त्यांच्याकडे वळली. "माझ्यासाठी दाबायचास?"

"सगळ्यांसाठीच. तुझ्यासाठी जरा लवकर."

तिने भिंत शोधली असती, पण तिथे भिंत नव्हती. तिची नजर मास्तरांच्या बुटावर गेली आणि तिथेच थांबली. तिने काठीवरची मूठ बदलली. मास्तरांना वाटलं, आता काठी पडते पाठीत. पडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या पायावर रस्ता ओलांडला," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो पाय घेऊन तू इथे माझ्या शेजारी उभा आहेस." तिने काठीचं टोक त्यांच्या बुटाला लावलं. "उतर खाली."

मास्तर उतरले. हा रस्ता त्यांनी इतकी वर्षं काचेच्या आतूनच पाहिला होता. बाहेरून तो भलताच रुंद निघाला, आणि गाड्या कमरेएवढ्या नव्हत्या, छातीएवढ्या होत्या. ते मध्यापर्यंत गेले, वळले आणि दोन्ही हात आडवे केले. एक पांढरी व्हॅन येत होती. ती वेग कमी करत नव्हती. मास्तरांचा उजवा पाय आपोआप डांबरावर दाबला गेला, जीव खाऊन, टाच रुतेपर्यंत. व्हॅन येतच राहिली. खाली नुसता रस्ता होता, दाबून काही होणार नव्हतं, आणि तरी पाय दाबतच होता. आत बसलेल्या परक्या माणसाच्या मनात यायला हवं, दुसरा उपाय नाही, हे मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा अंगभर कळलं.

व्हॅन किंचाळून थांबली. तिच्या पुढच्या भागाची ऊब मास्तरांच्या गुडघ्यांना लागली.

"मरायचं असेल तर दुसरीकडे जा की!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"त्यांना जायचंय," मास्तर म्हणाले. ड्रायव्हरने काठी घेतलेली अक्का पाहिली आणि पुढची शिवी गिळली. मागे हॉर्न सुरू झाले. पलीकडून येणारी एक गाडी काय झालंय ते बघायला थांबली, तेवढंही पुरेसं होतं. अक्का फूटपाथवरून उतरली. काठी, डावा पाय, उजवा पाय. ती कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. मास्तरांच्या पाठीमागून ती गेली तेव्हा तिचा श्वास त्यांना ऐकू आला, जोरात चालला होता. ती पलीकडे पोचली, काठी भिंतीला टेकवली, वाकून कुलूप काढलं आणि शटर वर लोटलं. इतक्या महिन्यांत ते गंजलं होतं, दोनदा अडकलं.

मास्तर अजून रस्त्यातच उभे होते. त्यांचा पाय डांबरावरून उचलला जात नव्हता.

"धाकट्या!" अक्काने दारातून हाक मारली. "तो मोबाइलवाला आला तर त्याला सांग, किल्ली मिळायची नाही."

"सांगतो."

"आणि ऐक. संध्याकाळी मला परत यायचंय."

"येतो," मास्तर म्हणाले. तोपर्यंत गाड्या दोन्ही बाजूंनी पुन्हा सुटल्या होत्या, आणि त्यांना अजून रस्त्याच्या कडेला पोचायचं होतं.